दोन आवाजांची वजाबाकी

१

रविवारी दुपारी जेवण झालं की मी गारखेड्याहून स्कूटर काढायचो आणि रोशन गेटजवळ अम्मारच्या घरी जायचो. बरीच वर्षं हे असंच चाललेलं होतं. माझ्या बायकोनं, प्रेरणानं, विचारणंही सोडून दिलं होतं. पाहुणे आले तर ती परस्परच सांगायची, "ते गेलेत गाणी तपासायला."

तपासायला हा शब्द तसा बरोबर होता. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात आवाज तपासायच्या विभागात आहे. तयार गिअरबॉक्स फिरवायचा, तो किती आणि कसा वाजतो ते मोजायचं, जास्त वाजला तर परत पाठवायचा. अम्मारचं सिटी चौकात चष्म्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आम्ही इंजिनिअरिंगला एकत्र होतो. त्यानं पदवी घेतली आणि दुकानात बसला. कॉलेजात असताना इंग्लिश रॉक ऐकणारे आमच्या वर्गात आम्ही दोघंच.

त्याच्या गच्चीला लागून एक खोली आहे. जाड गालिचा, खिडकीवर दुहेरी पडदा, समोर दोन उभे स्पीकर, मधे दोन वेताच्या खुर्च्या आणि मागच्या भिंतीला एक दिवाण, त्यावर कापसाची गादी. अम्मारच्या दाऊदमामूंनी बहारीनला नोकरी केली. तिथून आणलेल्या जुन्या रेकॉर्डी या खोलीत होत्या. मामू वारले, रेकॉर्डी राहिल्या.

आमचा खेळ असा. एकच अल्बम कंपन्या पुन्हा पुन्हा काढतात. जुन्या टेपवरून आवाज साफ करून, चढवून, नव्यानं विकतात. त्याला रिमास्टर म्हणायचं. आम्ही एका अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या जमवायचो. एकानं पाठ फिरवून बसायचं, दुसऱ्यानं न सांगता लावायचं. बसलेल्यानं ओळखायचं, ही कुठली आवृत्ती, कुठं ड्रम दाबलेत, कुठं गिटार उगाच चमकवलीय. मग वाद. ऐकताना कूलर बंद ठेवायचा, कारण त्याच्या घरघरीत बारीक काही कळत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या त्या खोलीत घामानं शर्ट पाठीला चिकटायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

२

त्या रविवारी पन्नास वर्षांपूर्वीचा एक इंग्लिश अल्बम होता. नाव सांगत नाही, कारण यात अल्बमचा काही दोष नाही. आमच्याकडे मामूंची रेकॉर्ड होती, नंतरची सीडी होती, मधल्या काळातली एक फार कर्कश आवृत्ती होती आणि नुकतीच आलेली पन्नाशीची.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं संपतं आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी थोडी शांतता आहे. रेकॉर्डवर तिथं सुईची कुरकुर ऐकू येते. सीडीवर टेपची सळसळ. कर्कश आवृत्तीत ती शांतता कापूनच टाकलीय. नव्या आवृत्तीत मी डोळे मिटून ऐकत होतो. सळसळ आली आणि तिच्या मागं, अगदी हलका, गादीवर कोणीतरी टेकावं तसा आवाज आला.

मी मान वळवली. अम्मार उभाच होता, कॉम्प्युटरपाशी.

"तू बसला होतास का रे?"

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं तूच हललास."

परत लावलं. परत आला. कापूस दबल्याचा तो मऊ आवाज.

"स्टुडिओतलं असेल," मी म्हणालो. "कोणीतरी सोफ्यावर बसलं असेल. बारीक आवाज वर आणले यांनी, त्यात हेही वर आलं."

"मग जुन्या सीडीत थोडंतरी पाहिजे ना."

जुन्या सीडीत नव्हतं. आवाज पार वाढवूनही नव्हतं. तरी मला काही विशेष वाटलं नाही. जुन्या टेपवर काय काय निघतं याचे किस्से आम्हाला पाठ होते. पायाचा ठेका, दार, खोकला. उलट अम्मार खूश झाला. असं काही सापडलं की आमच्या ऑनलाइन ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालायची.

३

दोन आवृत्त्यांत नेमका फरक काय, हे बघायची एक सोपी रीत आहे. एकच गाणं दोन्हींतून घ्यायचं, कॉम्प्युटरवर एकाची लाट उलटी करायची आणि दोन्ही एकावर एक ठेवायची. जे दोन्हींत सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. जे सारखं नाही तेवढंच उरतं. आम्ही त्याला वजाबाकी म्हणायचो.

उरतं ते ऐकायला विचित्र असतं. ड्रमची कोरडी टकटक, गायकाच्या तोंडची सळसळ. गाणं चार गल्ल्या पलीकडं चालू असावं तसं.

पुढच्या रविवारी अम्मारनं सीडी आणि नवी आवृत्ती यांची वजाबाकी करून ठेवली होती. आम्ही दोन खुर्च्यांत बसलो. टकटक होती, सळसळ होती. आणि त्याखाली एक माणूस होता.

माणूस म्हणजे त्याचं बोलणं वगैरे काही नाही. कापड सरकल्यासारखं व्हायचं. मधेच नाकानं घेतलेला श्वास, सावकाश, काही घाई नसलेल्या माणसाचा. अख्खं गाणं तो तिथं होता.

"गात नाही, वाजवत नाही," अम्मार हळूच म्हणाला.

"मग काय करतोय?"

"बसलाय. ऐकतोय."

आम्ही पुन्हा लावलं. पहिल्यांदा सुरुवातीलाच त्यानं घसा साफ केला होता. या वेळी केला नाही. मी म्हणालो, आपण ती जागा नीट धरली नव्हती. तिसऱ्यांदा लावलं तर श्वास डाव्या स्पीकरकडून थोडा मधे आला होता. एकच फाईल, एकच बटण. मी स्वतःला समजावलं की दर वेळी आपलं लक्ष वेगळ्या जागी जातं, त्यामुळं तेच वेगळं वाटतं. कारखान्यात नवीन पोरांना मी हेच शिकवतो, कानावर विश्वास ठेवू नका, मीटर बघा.

जिना उतरताना अम्मारची आई, जोहरा खाला, खालच्या खोलीतून म्हणाली, "बेटा, आज गाने नहीं लगाए क्या? कुछ सुनाईच नहीं दिया."

"लगाए थे, खाला. हल्लू लगाए थे," मी म्हणालो. खरं म्हणजे आम्ही बऱ्यापैकी मोठ्यानं लावली होती.

४

मीटर बघायचा म्हणून मी अम्मारला नवी आवृत्ती तिच्यातूनच वजा करायला लावली. फाईल तीच, उलटी करून तिच्यावरच ठेवायची. काहीच उरायला नको. शून्य म्हणजे शून्य. पडद्यावरची हिरवी पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलली नाही.

स्पीकरमधून श्वास येत होता.

टकटक नाही, सळसळ नाही, आता नुसता तोच. इतका स्वच्छ की नाकातल्या केसांची शिट्टी ऐकू यावी. मी उठून अॅम्प्लिफायर बंद केला. थांबला. चालू केला. थोड्या वेळानं आला.

"अर्थिंगचा लोचा असेल," मी म्हणालो. "शेजारी कोणाचा पंखा, मोटर, काहीतरी याच लाईनवर असेल."

"हौ," अम्मार म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी ती फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि सोमवारी कामावर नेली. आमच्याकडे एक खास खोली आहे. भिंतींना, छताला, दाराच्या आतून स्पंजचे त्रिकोणी ठोकळे. आत गेलं की बाहेरचं जग तुटतं आणि आपलंच रक्त कानात वाजायला लागतं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं एकटा बसलो आणि फाईल लावली. पूर्ण ऐकली. काही नव्हतं. माझा श्वास होता, माझं पोट गुरगुरलं तेवढं.

बाहेर आलो तेव्हा फार हलकं वाटलं. आवाज फाईलमध्ये नाही हे सिद्ध झालं होतं. याच्या पुढचं वाक्य मी मनात पूर्ण केलं नाही.

५

मग प्रेरणाच्या माहेरी फुलंब्रीला एक लग्न निघालं. दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर रेकॉर्डी चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. आमच्या दोन्ही खुर्च्या अम्मारनं फिरवून थोड्या बाजूला घेतल्या होत्या. आता त्यांची तोंडं स्पीकरकडं नव्हती, दिवाणाकडंही नव्हती, दोन्हींच्या मधे कुठंतरी होती.

"काय ऐकायचं आज?"

"तीच," तो म्हणाला. म्हणजे शून्याची फाईल.

मी म्हणालो की त्यात काही नाही, मी तपासलंय. तो हसला, नेहमीसारखाच. मग त्याची बायको महेजबीन चहाचा ट्रे घेऊन आली. तीन कप होते. ती एक माझ्या हातात देऊन, एक अम्मारपुढं ठेवून, तिसरा धरून जराशी घुटमळली.

"यांनीच सांगितलं तीन," ती मला म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही कोणाला घेऊन आलात."

अम्मारनं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं कप दिवाणाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि गेली.

त्या दिवशी नळ आले होते. आमच्या शहरात नळ येणं हा अख्ख्या घराचा कार्यक्रम असतो. खालून जोहरा खाला ओरडत होती, "अम्मार! मोटर लगा रे!" मोटरचं बटण गच्चीवर, खोलीच्या बाहेरच. अम्मार माझ्या शेजारी शांत बसलेला. तिनं परत हाक मारली, आणखी मोठ्यानं. मी म्हणालो, "अरे, अम्मी बोलावतेय."

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

खोटं बोलणाऱ्याकडं बघावं तसा तो माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर कबुतर फडफडलं आणि त्यानं चटकन मान तिकडं वळवली. कान चांगले होते. मीच उठून मोटर लावली.

पुढच्या आठवड्यात महेजबीनचा फोन आला. ती कधी मला फोन करत नाही. "विश्वजीतभाई, यांना माझं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आधी अम्मीचं येत नव्हतं. मला वाटलं, मायलेकांचं काही बिनसलं असेल. आता माझंही. दुकानात गिऱ्हाइकाशी नीट बोलतात. रिक्षावाल्याशी बोलतात. घरात आले की मी भिंतीशी बोलते."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. मशीन लावून बघितलं. बारीकातली बारीक शिट्टी ऐकली त्यांनी. डॉक्टर म्हणाले, भाभी, घरगुती मामला आहे, तुम्हीच बोलून घ्या." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "हाताला धरून हलवलं की बघतात. तोंड हलतं ते बघतात. मग म्हणतात, मोठ्यानं बोल ना."

मी अम्मारला फोन लावला. माझ्याशी तो अगदी व्यवस्थित बोलला. नव्या स्पीकर वायरचं विचारत होता. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं की ज्यांचा आवाज त्यानं रोज ऐकलाय तेवढ्यांचाच जातोय. मी फक्त रविवारचा. हा विचार मला आवडला नाही आणि मी तो कोणाला सांगितला नाही. प्रेरणालाही नाही.

६

मी रविवारची वाट बघितली नाही. रजा टाकली आणि दुपारीच गेलो. महेजबीननं दार उघडलं, मी आत आल्यावर कडी लावली आणि माझ्याबरोबर जिना चढली. जोहरा खाला पुढच्या खोलीत तख्तावर लसूण सोलत बसली होती. तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

खोलीचं दार उघडंच होतं. अम्मार खुर्चीत होता, हात मांडीवर, मान जरा वाकडी.

"अम्मार," मी म्हणालो.

तो हलला नाही. मी आणखी मोठ्यानं म्हणालो. मग मी त्याच्या अगदी जवळ जाऊन त्याचं कॉलेजातलं नाव घेतलं, जे मी आणि तो सोडून कोणाला माहीत नाही. तेव्हा मला कळलं की आता मीही गेलो.

मी तारा उपटायचं ठरवून अॅम्प्लिफायरपाशी वाकलो. त्याचा दिवा विझलेला होता. हात लावला तर तो गार होता, कित्येक तास चालू नसलेला. कॉम्प्युटर बंद. स्पीकरच्या तारा काढून, गुंडाळून वर ठेवलेल्या होत्या.

श्वास चालू होता.

मी वाकलेलाच राहिलो. उठलो तर काय दिसेल याचा विचार करत होतो असं नाही. मी मोजत होतो. सवय आहे. माझा एक, महेजबीनचा दारातला भराभर, अम्मारचा जवळजवळ न येणारा. आणि चौथा, सावकाश, माझ्या पाठीमागून.

मग कापूस सुटल्याचा आवाज आला. गादीवरून कोणी उठलं की दबलेला भाग हळूहळू वर येतो, तो. मी वळून बघितलं. दिवाणावरच्या चादरीला मधोमध एक खळगा होता आणि तो माझ्यादेखत भरत आला. कडेच्या सुरकुत्या एकेक करून मोकळ्या झाल्या. उन्हानं कापूस फुगतो, हे मला माहीत आहे. मी ते तेव्हाही मनात म्हटलं.

अम्मार खुर्चीतून उठून उभा राहिला. घरात कोणी मोठं माणूस उठलं की आपण उठतो तसा, अदबीनं. त्याची नजर दिवाणावरून निघाली आणि सावकाश दाराकडं यायला लागली. मी आता दाराच्या वाटेत होतो.

"बाजूला हो, विश्वजीत," तो म्हणाला. "रस्ता दे त्यांना."

मी बाजूला झालो. यावर मी नंतर बराच विचार केला. मी विचारू शकलो असतो, कोणाला. मी जागीच उभा राहू शकलो असतो. पण त्यानं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं आणि मी पाय मागं घेतला. दारात महेजबीननं ओढणी डोक्यावर घेतली आणि तीही भिंतीला टेकली.

वारा आला नाही. पडदा हलला नाही. फक्त इतके दिवस खोलीत काहीतरी भरून होतं हे ते गेल्यावर कळलं. एकदम खालच्या गल्लीतले आवाज आत आले. भंगारवाल्याची हाक, रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी.

"अरे," अम्मार म्हणाला. "तू कधी आलास?"

तो माझ्याकडं बघत होता, चांगला जागा.

महेजबीन दारातूनच म्हणाली, "पानी लाऊँ?" अगदी हळू म्हणाली, तिलाच ऐकू जाईल असं.

"हौ, ला ना," अम्मार म्हणाला. "इतकी काय घामानं भिजलीस?"

ती पाणी आणायला गेली नाही. तिथंच उंबऱ्यावर बसली, ओढणी तोंडावर दाबून रडत राहिली. अम्मार गोंधळून तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि मी खिडकीबाहेर बघितलं. संपलं, असं मला वाटलं. मनात मी सगळं सामान विकायचंही ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईक कोण, तेसुद्धा.

७

आवाज आधी अम्मारलाच आला. त्यानं मान वर केली.

"अम्मी किसको बिठा रही है?"

मग आम्हालाही आला. खालून, पुढच्या खोलीतून. जोहरा खाला पाहुण्याशी बोलते त्या मऊ आवाजात म्हणत होती, "आव, आव. बैठो. कित्ती धूप में आए."

महेजबीननं डोळे पुसले. "कोणी नाही आलं," ती म्हणाली. "मी कडी लावलीय."

"दार वाजलं असेल. अम्मीनं काढली असेल," अम्मार म्हणाला.

खालाचे गुडघे दुखतात. तख्तावरून उठायला तिला कोणाचा तरी हात लागतो. हे त्याला माहीत होतं आणि तो बोलता बोलताच थांबला. आम्ही तिघंही जिन्याच्या तोंडाशी उभे होतो. खाली थोडा वेळ शांत होतं. मग खाला म्हणाली, "हौ." आणि जरा थांबून, "हौ, वही तो."

अम्मार पुढं झाला. पायऱ्या उतरताना तो दोनदा म्हणाला, "अम्मी, मैं आया." कित्येक दिवसांनी त्याला तिचा आवाज आला होता आणि तो घाईनं उतरत होता. मी मागून उतरलो.  मी हळू उतरत होतो.

कडी लावलेलीच होती.

खाला तख्तावर बसली होती, मांडीत लसणाचं ताट, बोटांत एक अर्धी सोललेली पाकळी. समोर भिंतीला लागून पाहुण्यांची खुर्ची होती आणि तिचं तोंड त्या खुर्चीकडं होतं. चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हती. कोणीतरी फार दिवसांनी नीट, सावकाश काही सांगतंय आणि आपण ते मन लावून ऐकतोय, तसा तिचा चेहरा होता.

"अम्मी," अम्मार म्हणाला.

तिनं पाकळी ताटात ठेवली. मान डोलावली, त्याच्यासाठी नाही.

"अम्मी!"

महेजबीननं माझा दंड धरला. तिनं मला याआधी कधी हातही लावला नव्हता. अम्मार पुढं गेला, आईच्या आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर गुडघे टेकून बसला. लसणाचा वास येणारे तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले आणि तोंड तिच्या तोंडासमोर नेऊन बोलायला लागला. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. मी आलोय, अम्मी, इकडे बघ, मी अम्मार.

तिनं हात सोडवून घेतले नाहीत. वाट बघावी तशी ती क्षणभर थांबली. मग तिनं मान थोडी बाजूला केली, कोणी मधे आलं की आपण करतो तशी, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागली.